सिद्रामप्पाच्या चिंचेच्या चपला

येरमाळ्याच्या सिद्रामप्पाला खोटं बोलता येत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. चिंचेचा व्यापारी होता तो. मागच्या साली भरलेली काळी चिंच यंदाची म्हणून गिऱ्हाइकाच्या पदरात घालताना त्याची पापणी लवत नसे. पण अंमलदारापुढं खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आणि सवय नसलेलं काम घाईनं केलं की प्रमाण चुकतं. त्याचंही चुकलं.

झालं असं. लढाई जोरात चालू होती, म्हणजे येरमाळ्यात नव्हे, जगात. येरमाळ्यात नेहमीचंच चालू होतं. फाल्गुन लागला होता आणि सिद्रामप्पाच्या आवारात बाया ओळीनं बसून चिंचा फोडत होत्या. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, लाकडी मोगरीनं ठोकून चिंचोका बाहेर पाडायचा, मग गराला मीठ चोळून गोळे बांधायचे. गोळे सोलापूरला जात. टरफलं, शिरा आणि चिंचोके मात्र कुठंच जात नसत. ते आवाराच्या मागं पडत. सिद्रामप्पाच्या बापाच्या काळापासून पडत होते, आणि आता त्यांचा ढीग शेजारच्या मार्तंडराव गिरदावरांच्या भिंतीला टेकून, भिंतीच्या वर मान काढून, त्यांच्या अंगणात बघायला लागला होता.

मार्तंडराव सरकारी माणूस. गिरदावराची, म्हणजे महसुली तपासनिसाची नोकरी, डोक्यावर काळी टोपी, बोलणं पुस्तकातलं. त्यांचा राग खोटा नव्हता, हे सिद्रामप्पालाही मनातल्या मनात मान्य होतं. ढिगातून उंदीर येत, विंचू येत, आणि वारा सुटला की त्यांच्या पत्नी चारुशीलाबाईंनी वाळत घातलेल्या पातळांवर तांबडा भुगा बसे. मार्तंडरावांनी आधी तोंडी सांगितलं, मग चिडून सांगितलं, आणि शेवटी धाराशिवाहून अव्वल तालुकदार साहेब, म्हणजे निजामाचे कलेक्टर, चैत्री यात्रेचा बंदोबस्त बघायला आले तेव्हा त्यांना थेट ढिगासमोर आणून उभं केलं.

ढीग हलवला तर पुढच्या वर्षी नवा होणार, असं मार्तंडरावांचं म्हणणं. आवार आहे तोवर ढीग आहे. म्हणून आवारच बंद करावं. तालुकदार साहेब हैदराबादचे, शांत, शेरवानीवर धूळ बसली तरी न चिडणारे. त्यांना हे पटलं. त्यांनी मान हलवली.

सिद्रामप्पानं वळून आवाराकडं बघितलं. हे आवार त्याच्या बापानं तीन चिंचेच्या झाडांखाली सुरू केलेलं. ते गेलं तर त्याला सोलापुरात थोरल्या भावाच्या दुकानात गादीवर नव्हे, गादीच्या खाली बसावं लागणार होतं. आणि या बाया? त्यांतल्या निम्म्या मागच्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या. सिद्रामप्पा काही फार मऊ काळजाचा नव्हता, पण ओळीत बसलेल्या सिताबाईच्या हातातली मोगरी थांबलेली त्याला दिसली आणि त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"साहेब, हा कचरा न्हाय. हा माल हाय. याचं आमी रबर करतो."

साहेबांनी चष्मा सारखा केला. मार्तंडरावांनी टोपी सारखी केली. सिताबाईनं तोंडाला पदर लावला.

रबर हा शब्द त्या दिवसांत साधा नव्हता. मलायाचं रबर जपान्यांनी घेतलं होतं. टायर मिळेना म्हणून मोटारी जागोजाग उभ्या होत्या, खुद्द साहेब धाराशिवाहून घोड्यावर आले होते. साहेबांनी विचारलं, चिंचेचं रबर होतं? सिद्रामप्पा म्हणाला, नुसत्या चिंचेचं न्हाय, रबरात मिसळायचं, थोड्या रबराचं लई रबर होतं. हे त्याला कसं सुचलं? त्याचा मेहुणा वीरप्पा पुण्याच्या पलटणीच्या मोटारडेपोत टायर दुरुस्त करायचा आणि तिथून कशानं तरी नाव कमी होऊन दोन महिन्यांपासून बहिणीकडं जेवत बसला होता. जेवताना तो बोलायचा. ते बोलणं इतके दिवस सिद्रामप्पाच्या एका कानानं आत जाऊन दुसऱ्यानं बाहेर पडत होतं. थोडं आत राहिलं असावं.

साहेब म्हणाले, "अच्छा. पूर्णिमा को आता हूं. दिखाना." आणि नाही दाखवलं तर आवाराला कुलूप, हे त्यांनी इतक्या गोडीनं सांगितलं की सिद्रामप्पानं आधी हात जोडून शुक्रिया म्हटलं आणि मग त्याला अर्थ कळला.

घरी बायकोनं, जगदेवीनं, सगळं ऐकून घेतलं. ती आळंदकडची; राग आला की तिचं तोंड बंद होई आणि भांडी बोलायला लागत. त्या दिवशी भांडी खूप बोलली. वीरप्पाला मात्र आनंद झाला. दोन महिन्यांत त्याला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. त्यानं खाटेखालून वळकटी काढली. तीत धुरकटलेल्या पापडांसारखे दिसणारे रबराचे जाड ताव होते. ते डेपोतून याच्या वळकटीत कसे आले हे कुणी विचारलं नाही, आणि नाव का कमी झालं हेही मग विचारायची गरज उरली नाही.

"दाजी, नुसत्या रबराचं काय बी होत न्हाय," वीरप्पा म्हणाला. "नुसतं रबर म्हंजी नुसतं तूप. त्याला पोळी लागती. डेपूत आमी काजळी घालायचो. आपण टरफल घालू."

एवढ्या तावांत टायर होणार नव्हता हे वीरप्पाच्याही लक्षात आलं. चपलांचा एक जोड होईल असं ठरलं. साहेबांच्या पायात घातला की काम झालं.

काम सुरू झालं तसं गाव गोळा व्हायला लागलं. टरफलं, शिरा आणि चिंचोके सिताबाईच्या ताब्यात दिले. तिनं भट्टीत भाजले, उखळात कांडले, वस्त्रगाळ केले. रबर मळायला यंत्र हवं होतं. वीरप्पाच्या डेपोत दोन लोखंडी रूळ होते, एकमेकांना घासून फिरणारे. येरमाळ्यात तसले रूळ एकाच ठिकाणी होते, गूळ करणाऱ्या बलभीमच्या उसाच्या चरकात. हंगाम संपला होता, चरक रिकामा होता, पण बलभीमचं तोंड रिकामं नव्हतं. त्यानं आधी बैल देणार नाही म्हणून सांगितलं, मग बैल देईन पण स्वतः येणार नाही म्हणाला, आणि शेवटी सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

रबर चरकात घातलं. बैल फिरले. रबर उसासारखं मुकाट्यानं चिपाड होऊन बाहेर पडेना. रुळाला गुंडाळलं, ताणलं, फटफट आवाज करत परत आत गेलं. त्यावर वीरप्पानं मुठीमुठीनं भुगा टाकला, वळकटीतल्याच पुडीतला गंधक टाकला. बैल बिचकले. बलभीमनं वीरप्पाच्या पिढ्यांचा उद्धार केला. पण दुपार कलेपर्यंत रबरानं भुगा पिऊन घेतला आणि तांबूस काळी, पुरणाएवढी मऊ अशी एक लादी तयार झाली. ती पायाच्या मापानं कापली, दोन तव्यांच्या मधे ठेवली, वर जात्याची तळी ठेवली आणि सगळं गुऱ्हाळाच्या चुलाणात सरकवलं. वीरप्पा म्हणाला, आता गंधक आपलं काम करील आणि रबर कडक होईल.

गंधकानं काम केलं नाही. तवे उघडले तर आत न धरलेली चिक्की. हात लावला तर हाताला, हात पुसला तर धोतराला. जास्त भाजून बघितली, तर चिक्कीची काकवी झाली. वीरप्पा डोकं खाजवत म्हणाला की डेपोत असं कधी झालं नाही. बलभीम म्हणाला की डेपोत बहुतेक कामाची माणसं होती. पौर्णिमा तोंडावर आली होती. ताव संपत आले होते, शेवटचा एक जोड निघेल एवढंच रबर राहिलं होतं. मार्तंडराव रोज सकाळी ओट्यावर दात घासायला उभे राहत आणि दात घासून झाले तरी उभे राहत.

त्या संध्याकाळी सिद्रामप्पा जेवला नाही. लिंगपूजा करताना त्याला स्वतःचीच लाज वाटली की शिवाचं नाव घेताना डोळ्यांपुढं चपला येतात. त्यानं जगदेवीला सांगून टाकलं की सोलापूरला भावाला निरोप धाडावा. आपण जाऊ, पण आवारातल्या बायांचं काय, असंही त्यानं विचारलं.

जगदेवीनं हातातलं भांडं प्रथमच आवाज न करता खाली ठेवलं.

"उसाचा रस आंबला की गूळ धरत न्हाय," ती म्हणाली. "तवा तुमी काय घालता?"

सिद्रामप्पा म्हणाला, चुना. हे बोलता बोलताच तो ताडकन उठला. रस आंबट असला की गूळ पातळ राहतो, कढईत चुन्याची निवळी मारली की धरतो. हे पोराटोरांना ठाऊक. आणि इथं तर त्यांनी रबरात साक्षात चिंच घातली होती. टरफलाला गर चिकटलेला, शिरांना गर चिकटलेला. आंबट म्हणजे किती आंबट! चुलाणाशी तीन पुरुष बसले होते, त्यातला एक गुळव्या, एक चिंचेचा व्यापारी, आणि कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. वीरप्पानं लगेच, हे मला वाटलंच होतं, असं म्हणून बघितलं. बहिणीनं त्याच्याकडं बघितल्यावर तो भुगा आणायला उठला.

चुना घरात होता, पण तो रुद्रम्माच्या पानाच्या डब्यात होता. रुद्रम्मा सिद्रामप्पाची आई, दात पडलेले, पान मात्र कुटून खाल्ल्याशिवाय दिवस जात नसे. तिची चुनाळ काढून घेणं हे तिच्या गळ्यातलं लिंग काढून घेण्याच्या खालोखाल पाप होतं. रुद्रम्माअव्वानं चुना दिला, पण नवा येईपर्यंत घरातल्या कुणाशी बोलली नाही, आणि त्या घराला ती शांतता बरी वाटली.

शेवटच्या भुग्यात चुना कालवून तो वाळवला, रबरात मळला, तव्यात दाबला, चुलाणात सरकवला. बलभीम जळण घालत होता आणि बडबडत नव्हता, यावरून काय ते समजावं. तवे उघडले. आत तळ निघाला, काळसर, घट्ट, नखानं दाबला तर दबणारा आणि परत वर येणारा. वीरप्पानं तो दगडावर आपटला. तळ उडून बलभीमच्या पागोट्याला लागला. बलभीमनं पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, धरलं. सिद्रामप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं धुरावर ढकललं.

पौर्णिमेला येडेश्वरीची पालखी डोंगरावरून खाली आली. चुन्याच्या रानात माणसं दाटली होती. ज्यानं त्यानं चुनखडीचे खडे वेचायचे आणि ढिगावर टाकायचे, देवळाला लागणारा चुना असा जमतो. सगळं गाव, आजूबाजूची गावं, वाकून खडे वेचत होती. तालुकदार साहेब सकाळीच आले. सिद्रामप्पानं आवाराच्या दारात त्यांच्यापुढं जोड ठेवला, सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावलेला, तेलानं पुसून चमकवलेला. साहेबांनी बूट काढून तो घातला, चार पावलं चालून बघितली, आणि मऊ आहे म्हणाले. पण मऊ असणं वेगळं आणि टिकणं वेगळं, असं मार्तंडरावांनी बाजूनं सांगितलं. भुग्यात पाणी मुरेल, एका पावसात चपला गळून पडतील, मग ढीग पुन्हा कचराच. साहेबांना हेही पटलं. साहेबांना बरंच काही पटत असे, हाच त्यांच्यापाशी घोळ होता. निकाल रान बघून आल्यावर देतो, म्हणाले.

रानाच्या कडेला साहेबांनी चपला काढल्या. लोक अनवाणी वेचताहेत, तर आपणही तसंच जावं एवढी त्यांना अदब होती. ते आत गेले. मार्तंडराव चपलांशी उभे राहिले. सिद्रामप्पाही उभा राहिला, कारण त्याचा जीव त्या चपलांत होता.

तेवढ्यात सिताबाईची शेळी आली.

ही शेळी आवारातच वाढलेली. बाया मीठ चोळत असताना सांडलेलं मीठ चाटून चाटून ती म्हातारी झाली होती. तिनं साहेबांची उजवी चपल हुंगली. एकदा चाटली. मग तिच्या तोंडावर असा काही भाव आला की सिद्रामप्पाला क्षणात सगळं समजलं. सिताबाईनं भुग्यात मीठ घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण या आवारात जे कांडलं जातं आणि गोळा करून ठेवलं जातं त्याला मीठ लागतंच, नाहीतर कीड पडते. तिचा हात आपोआप गेला असणार.

शेळीनं चपल दातांत धरली. सिद्रामप्पा धावला, पण मार्तंडराव जवळ होते. साहेबांचं पादत्राण जनावरानं खाल्लं तर जबाब त्यांना द्यावा लागला असता. सरकारी माणूस कर्तव्याला चुकत नाही. त्यांनी टाचेकडून चपल पकडली आणि ओढली. शेळीनंही ओढली. मार्तंडरावांनी पाय रोवले. शेळीनंही रोवले. चपल ताणली गेली, वीतभराची हातभर झाली, आणि खडे वेचणारी माणसं एकेक करून सरळ उभी राहिली. साहेबही वळून बघायला लागले.

मग शेळीला खोकला आला आणि तिनं तोंड उघडलं.

चपलेचा आवाज पालखीपर्यंत गेला. मार्तंडराव गिरदावरांच्या उजव्या गालावर, भर यात्रेत, त्यांच्याच हातातल्या चपलेनं असा ठसा उमटला की पाच बोटं असती तर ती मोजता आली असती. टोपी उडाली. शेळी शांतपणे दुसऱ्या चपलेकडं वळली. सिद्रामप्पाला हसू आलं नाही. त्याला वाटलं, संपलं. या माणसाला गावासमोर चपल बसली, आता आवार तर जाणारच, वर आपणही आत जाणार.

तालुकदार साहेब मात्र हसत सुटले. बाकी कुणी हसायचं धाडस केलं नव्हतं, मग सगळं रानच हसलं. डोळे पुसत साहेबांनी चपल उचलली, उन्हात धरली, वाकवली, ओढून बघितली. दातांचे व्रण होते. फाटलेली नव्हती, चीर नव्हती, लांबी पहिल्याइतकीच झाली होती. साहेबांनी विचारलं, शेळी हिला का लागली? सिताबाई गर्दीतून पुढं आली आणि मीठ आपण घातलं हे तिनं मान वर करून सांगितलं. न घालून कसं चालेल, कीड पडली असती, असं वर विचारलं.

निकाल तिथंच झाला. शेळीनं फाडून फाटली नाही ती पावसानं कशाला फाटते, असं साहेब म्हणाले. आवार राहील. ढीगही राहील, तो माल आहे. फक्त गिरदावर साहेबांच्या भिंतीपासून उचलून आवाराच्या दुसऱ्या अंगाला न्यावा. हे शेवटचं सांगताना ते मार्तंडरावांच्या गालाकडं न बघायचा फार प्रयत्न करत होते.

दुसऱ्या दिवशी बाया पाट्या घेऊन ढीग हलवत होत्या. दरवर्षी चैत्र सरला की चिंच संपे आणि त्यांचं काम संपे. सिताबाईनं पाटी उतरवून विचारलं की आता पावसाळ्यातही कांडायला यायचं का. सिद्रामप्पा म्हणाला, यायचंच. हे बोलताना त्याला इतकं हलकं वाटलं की बाप गेल्यापासून तसं कधी वाटलं नव्हतं. आता रबर कुठून आणायचं हा प्रश्न होता, पण त्यासाठी वीरप्पा होता, आणि वीरप्पाची वळकटी रिकामी झाल्यानं त्याला कुठंतरी जाणं भागच होतं.

तेवढ्यात मार्तंडराव दारात आले. सिद्रामप्पानं रात्रभर त्यांच्यासाठी उत्तरं जुळवून ठेवली होती, काही नम्र, काही तिखट. मार्तंडरावांचा गाल अजून लाल होता. त्यांनी दूर जाणाऱ्या ढिगाकडं बघितलं, पायातल्या फाटक्या जोड्याकडं बघितलं, घसा साफ केला.

"सिद्रामप्पा, रबर आलं म्हणजे एक जोड मलाही करा," ते म्हणाले. "चारुशीलाचं माप नंतर पाठवतो. आणि माझ्यात मीठ घालू नका."

सिद्रामप्पानं हात जोडले, मनापासून, आणि सिताबाईला हाक मारून सांगितलं की गिरदावर साहेबांच्या भुग्यात मीठ घालायचं नाही.

सिताबाईनं व्हय म्हटलं. मग मार्तंडराव वळून गेल्यावर ती सिद्रामप्पाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, कीड लागंल की वो."

सिद्रामप्पानं शेळीकडं बघितलं. शेळी दावं ताणून, मार्तंडराव गेले त्या वाटेकडं बघत उभी होती.

"चिमूटभर घाल," तो म्हणाला.